जुनी स्पोर्ट्स कार सांभाळायची म्हणजे नेमकं काय करायचं? एमजीबीच्या निमित्ताने

सध्या दोन कारणांनी जुन्या गाड्यांचा विषय परत निघालाय. एक म्हणजे ई२० पेट्रोल, म्हणजे ज्यात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं ते. आता जवळपास प्रत्येक पंपावर तेच मिळतं आणि जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर त्यावरून रोज वाद चालू असतात. दुसरं म्हणजे २०२५ मध्ये एमजीची सायबरस्टर ही दोन सीटची इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार भारतात आली, आणि बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्याकडे हेक्टर विकणारी ही एमजी मुळात इंग्लंडातली, ऑक्सफर्डची, छोट्या उघड्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी नावाजलेली कंपनी होती. मग लोक यूट्यूबवर जुन्या एमजी बघतात आणि विचारतात की पन्नास-साठ वर्षांची गाडी अजून पळते कशी, आणि अशी एखादी हाताशी आली तर आपल्याला झेपेल का?

झेपते, पण लक्ष कुठे द्यायचं ते आधी कळलं पाहिजे. गाडी बघायला गेलेला माणूस पहिलं विचारतो इंजिन कसं आहे, ॲव्हरेज किती देते, किती पळालीय. जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हे सगळे प्रश्न नंतरचे. या गाड्या पळून पळून संपत नाहीत, पाणी आणि उभं राहणं या दोन गोष्टींनी संपतात. पुढचं सगळं या एका मुद्द्याभोवती आहे.

एमजीबीच का?

एमजीबी हे याच एमजीचं जुनं स्पोर्ट्स कारचं मॉडेल, आणि उदाहरण म्हणून यापेक्षा चांगली गाडी नाही. १९६२ ते १९८० ही गाडी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांहून जास्त बनल्या, आणि त्यातल्या बऱ्याच अमेरिकेला गेल्या. कापडी टपाची ती रोडस्टर, आणि १९६५ पासून पक्क्या छपराची, मागे दार असलेली ती जीटी. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, त्याला दोन कार्बोरेटर. आत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही.

आपल्यासाठी गंमतीची गोष्ट अशी की हे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या बी-सिरीज खानदानातलं आहे, त्याच खानदानातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं होतं. म्हणजे ज्या मेस्त्रीने उमेदीच्या काळात अँबॅसडरची इंजिनं खोलली आहेत तो एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर गोंधळणार नाही, पाच मिनिटांत त्याचे हात आपोआप योग्य ठिकाणी जातील. असे मेस्त्री आता कमी होत चाललेत, ते मिळाले तर जपा.

आधी पत्रा, मग बाकी सगळं

जुन्या काळच्या गाड्यांना खाली लोखंडी चासी असायची आणि वर बॉडी नुसती बसवलेली असायची. बॉडी सडली तरी चासी उभी. एमजीबीला अशी वेगळी चासी नाहीच. पत्र्याचे दाबून काढलेले भाग एकमेकांना वेल्ड करून जो सांगाडा होतो तीच बॉडी आणि तीच चासी. याला मोनोकॉक म्हणतात, आजच्या जवळजवळ सगळ्या गाड्या अशाच असतात. काडेपेटीचं बाहेरचं खोकं असतं ना, पुठ्ठा अगदी पातळ पण चारही बाजू एकमेकींना धरून असतात म्हणून दाबलं तरी आकार सोडत नाही, आणि एक कड भिजून मऊ पडली की सगळंच तिरपं होतं, तसं हे.

एमजीबीतली ही महत्त्वाची कड म्हणजे सिल. दाराच्या खाली, पुढच्या चाकामागून मागच्या चाकापर्यंत जाणारा पत्र्याचा पोकळ बॉक्स. जीटीला निदान छप्पर आहे, ते थोडा भार घेतं. रोडस्टरला वर काहीच नाही, त्यामुळे गाडीचा पुढचा भाग आणि मागचा भाग सरळ रेषेत ठेवायचं बरंचसं काम ही दोन सिल्स आणि दोन सीटांच्या मधून जाणारा पत्र्याचा बोगदा एवढेच करतात. आणि नेमकी तीच जागा गंजते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल विंगच्या (चाकावरच्या मडगार्डच्या) आत मागच्या कोपऱ्यात साठतो, ओला राहतो, तिथून पाणी सिलमध्ये उतरतं, खाली पाणी जायला ठेवलेली भोकं मातीने बुजलेली असतात, आणि मग गंज आतून बाहेर येतो. बाहेरून पेंटला फोड आलेला दिसेपर्यंत आतली भिंत गेलेली असते. इंग्लंडात थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात म्हणून तिथे हा रोग फार, पण आपल्याकडे मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा, कुठेही समुद्राकाठी गाडी असेल तर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तेच काम करतात.

मग बघायचं कसं? दार बंद करा आणि दार आणि मागची विंग यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत बघा. फट सगळीकडे सारखी हवी. वर कमी आणि खाली जास्त असेल तर गाडी मधून खचायला लागलीय. मग सिलजवळच्या जॅक पॉइंटला जॅक लावून एक बाजू उचला आणि त्याच बाजूचं दार उघडून परत लावून बघा. आधी नीट लागणारं दार आता अडकत असेल तर पुढे किंमतीबद्दल बोलण्याआधी विचार करा. खिशात एक छोटा लोहचुंबक ठेवा, पेंट खराब होऊ नये म्हणून त्याला फडकं गुंडाळा आणि सिलवर, विंगच्या खालच्या भागावर फिरवा, जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे सडलेल्या सिलवर नुसता नवीन पत्रा चढवून वेल्ड मारणे. वरून एकदम चकाचक दिसतं, पण आतला गंज तसाच राहतो, पाणी अडकायला एक पदर अजून वाढतो, आणि ताकद काहीच येत नाही. हे काम करून गाडी विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण आत बसणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे.

खरं काम असं होतं. सिल म्हणजे एक पत्रा नसतो, बाहेरचा पत्रा, मधली उभी भिंत, आतली बाजू आणि खालचा रेल असे थर असतात, सडलेले सगळे काढून नवीन लावावे लागतात. पुढची विंग बोल्टवर आहे त्यामुळे ती सुटते, मागची वेल्ड केलेली आहे. जुनं सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप टाकून गाडी बांधून घ्यायची, एका वेळी एकच बाजू करायची, आणि पक्कं वेल्ड मारायच्या आधी दर वेळी दार लावून फट बघायची. जो वेल्डर दार काढून कोपऱ्यात ठेवतो आणि डोळ्याने अंदाज घेतो त्याच्याकडे हे काम देऊ नका, एकदा वाकडं वेल्ड झालं की ते सरळ करायला परत सगळं कापावं लागतं. काम झाल्यावर सिलच्या आत मेणासारखं पातळ रसायन फवारायचं आणि पाणी जायची भोकं मोकळी ठेवायची. पावसाळ्याआधी आणि नंतर ती भोकं तारेने साफ करणं हा या गाडीचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा मेंटेनन्स आहे.

पार्ट मिळतात का, हा प्रश्न इथेच येतो. एमजीबीपुरतं उत्तर फार चांगलं आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ पासून मूळ साच्यांवरच अख्ख्या नव्या बॉडी बनवून विकायला सुरुवात केली, आणि सुटे पत्रे, रबरं, इंजिनाचे भाग तर आजही कॅटलॉगमधून ऑर्डर करता येतात. हे प्रत्येक जुन्या स्पोर्ट्स कारबद्दल खरं नाही. एखादी दुर्मिळ इटालियन गाडी घ्याल तर समोरच्या काचेसाठीसुद्धा थांबायची तयारी ठेवावी लागते.

इंजिन उघडण्यासाठीच बनवलेलं आहे

आजच्या गाडीत काही बिघडलं की लॅपटॉप जोडतात. एमजीबीच्या काळी गृहीतच होतं की गाडी सतत थोडी थोडी सेटिंग मागणार, आणि ते सेटिंग करता येईल अशीच ती बनवली. त्यामुळे "जुनी गाडी सारखी बिघडते" असं जे म्हणतात त्यातल्या बऱ्याच वेळा ती बिघडलेली नसते, सेटिंगला आलेली असते.

टॅपेटचंच घ्या. इंजिनाचे आठ व्हॉल्व्ह उघडझाप करतात, आणि व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात थोडी फट ठेवावी लागते कारण गरम झाल्यावर धातू फुगतो. एमजीबीला थंड इंजिनावर ही फट १५ थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर. प्लग काढून ठेवायचे म्हणजे इंजिन सहज फिरतं, गाडी चौथ्या गिअरला टाकायची आणि हळूहळू ढकलायची. मग नऊचा नियम लावायचा: जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेलाय त्याचा नंबर नवातून वजा करा, जो येईल तो व्हॉल्व्ह सेट करा. आठवा उघडलाय तर पहिला, सहावा उघडलाय तर तिसरा. नट सैल करून फिलर गेजची पट्टी आत घालायची, स्क्रू फिरवत फिरवत पट्टी ओढताना किंचित अडल्यासारखी वाटली पाहिजे, अडली पण सरकली पाहिजे, मग स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा आणि पुन्हा पट्टी घालून बघायची, कारण नट आवळताना स्क्रू हमखास जरासा फिरतो. टॅपेट थोडा वाजला तर चालतो, पण घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि जळतो. म्हणून आवाज एकदम बंद करून देणाऱ्या मेस्त्रीला परत एकदा पट्टी घालून दाखवायला सांगा.

कार्बोरेटरही तसंच. एसयू कार्बोरेटरमध्ये एक पिस्टन हवेच्या ओढीने वर-खाली होतो आणि त्याला लावलेली निमुळती सुई पेट्रोलचं भोक, म्हणजे जेट, कमी-जास्त उघडते, बस एवढंच. पेट्रोल बरोबर पडतंय का हे बघायला बाजूची छोटी पिन बोटाने दाबून पिस्टन अगदी किंचित उचला, मिलिमीटरभरसुद्धा नाही. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त पडतंय. इंजिन बंद पडायला लागलं तर कमी पडतंय. क्षणभर जरासा वाढून परत जागेवर आला तर सेटिंग बरोबर. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतायत का ते रबरी नळी कानाला लावून ऐकतात, आणि सवयीचा कान यात फार अचूक असतो.

बाकी इंजिनासाठी इग्निशनच्या पॉइंटची फट, वेळेवर ऑइल, एवढं पुरतं. ऑइल मात्र २०-डब्ल्यू-५० च घाला, आणि ते जुन्या इंजिनासाठीचं घ्या. नव्या गाडीतलं महागडं पातळ सिंथेटिक यात घालून उपकार होत नाहीत. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या जुन्या प्रकारच्या कॅमला ऑइलमध्ये जस्ताचं संयुग लागतं, आणि नव्या ऑइलांमध्ये ते कमी केलंय कारण ते धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला खराब करतं.

मग पेट्रोलचं काय?

या गाड्यांवर पेट्रोलचं संकट पहिल्यांदा आलेलं नाही. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि त्याचा पातळ थर व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटला वाचवायचा. भारतात आणि ब्रिटनमध्ये दोन्हीकडे २००० साली शिशाचं पेट्रोल गेलं, आणि ते जायलाच हवं होतं, मुलांच्या मेंदूवर त्याचा फार वाईट परिणाम होतो. मग उपाय निघाला: हेड उघडून एक्झॉस्टच्या बाजूला कडक धातूच्या सीट बसवायच्या, लेथवाल्याचं एकदाचं काम. तुमच्या गाडीत ते झालंय की नाही हे टॅपेटच सांगतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट दर वेळी कमी कमी होत असेल तर सीट झिजतेय आणि व्हॉल्व्ह आत बसत चाललाय.

आता इथेनॉल. याचे त्रास तीन, आणि तिन्ही वेगवेगळे समजून घेतले तर घाबरायचं कारण उरत नाही.

पहिला त्रास रबराचा. १९६० च्या दशकातलं रबर इथेनॉलसाठी बनवलेलंच नव्हतं. होज फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आग. हा एकच मुद्दा असा आहे की ज्यात चालढकल करू नये: टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे होज इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचे बदलून घ्या, कार्बोरेटरमधल्या फ्लोटची सुई आणि पंपाचे सील पण.

दुसरा त्रास पाण्याचा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळा थर धरतात. रोज चालणाऱ्या गाडीला याने विशेष फरक पडत नाही कारण टाकी लवकर संपते. तीन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत तोच थर टाकीच्या तळाला बसून लोखंड खातो. एमजीबीची टाकी तर वरूनही सडते, डिकीचा तळ आणि टाकी यांच्यामध्ये माती अडकते म्हणून.

तिसरा त्रास ताकदीचा. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, शिवाय त्यात ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं, इंजिन गरम होतं, गाडी अडखळते. नवी गाडी हे स्वतः ओळखून जास्त पेट्रोल सोडते. एमजीबीत ते काम तुमच्या हाताने होतं, कार्बोरेटरच्या खालचा जेटचा षटकोनी नट एखाद-दोन कडा खाली फिरवायचा आणि मघाची पिनची परीक्षा परत घ्यायची.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये १० टक्क्यांचं पेट्रोल साधं पेट्रोल म्हणून आलं तेव्हा तिथे जुन्या गाड्यांसाठी वरच्या ग्रेडमध्ये ५ टक्क्यांचं चालू ठेवलं. आपल्याकडेही जुन्या गाडीवाल्यांना असा पर्याय सहज मिळायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. तो असो-नसो, होज आणि जेट हे आपल्या हातात आहे.

वायरिंग

यावर फार लिहीत नाही कारण बहुतेक त्रास एकच असतो, अर्थिंग खराब. जिथे वायर बॉडीला बोल्टने जोडली आहे तिथे पेंट आणि गंज घासून चकचकीत करा, अर्धे दिवे परत लागतील. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. हे न बघता नवी बॅटरी, म्युझिक सिस्टिम किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडलं तर जळतं. १९७४ पर्यंत सीटच्या मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, त्यांची खालची ट्रे पण गंजलेली सापडते.

"मी तर फार कमी चालवतो, मग खर्च कशाला?"

कमी चालवता म्हणूनच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, ते दोन वर्षांनी बदलायचंच, गाडी एक किलोमीटरही चालली नसली तरी. ब्रेकचा रबरी होज आतून फुगतो आणि ब्रेक दाबला की लागतो पण सुटत नाही, चाक गरम होऊन वास येतो तेव्हा कळतं. सुरुवातीच्या एमजीबीला ब्रेकचं सर्किट एकच आहे, कुठेही गळती झाली तर चारही चाकांचा ब्रेक जातो आणि हातात उरतो फक्त हँडब्रेक, म्हणून तो कायम चांगला ठेवा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, नक्षी नवीन दिसत असली तरी जुन्या टायरवर हायवेला जाऊ नका. पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनला ग्रीस दर ३,००० मैलांनी, म्हणजे साधारण ४,८०० किलोमीटरनी सांगितलंय, पण कमी चालणाऱ्या गाडीला वर्षातून दोनदा तरी ग्रीस मारा. आणि महिन्यातून एकदा गाडी नीट गरम होईपर्यंत चालवा. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवून बंद करण्याने उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या बहुतेक जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, तरीही तिथले कित्येक मालक पैसे भरून तपासणी करून घेतात. ते बरोबर करतात.

"धूर सोडणाऱ्या या गाड्या ठेवायच्याच कशाला?"

हा आक्षेप टाळता येणार नाही. किलोमीटरमागे ही गाडी आजच्या गाडीपेक्षा जास्त प्रदूषण करते, त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. म्हणून ती रोज ऑफिसला न्यायची गाडी नव्हे, आणि जेवढी चालवाल तेवढी नीट ट्यून करून चालवा, काळा धूर येणारी एमजीबी ही चुकीची सेट केलेली एमजीबी असते. पण ज्या गाडीत प्रत्येक भाग कसा काम करतो ते डोळ्याने दिसतं, पाना घेऊन शिकता येतं, ती भंगारात घालणं मला पटत नाही. आयटीआयच्या मुलाला इंजिन समजावायला यापेक्षा चांगलं साधन नाही.

"सगळं नवीन बसवलं तर कायद्याने चालतं का?"

भारतात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या दुचाकी-चारचाकीची विंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांसाठी, नंतर परत करायला ५,०००. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. आणि अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत.

म्हणजे होज, ब्रेक, टॅपेट, ग्रीस, गंजलेल्या जागी तसाच पत्रा, हे सांभाळणं झालं, पण "त्यापेक्षा एखाद्या नव्या गाडीचं इंजिन बसवू" असा सल्ला देणारे गॅरेजवाले बरेच भेटतात, त्यांचं ऐकलंत तर विंटेज नोंदणी अडकू शकते. म्हणून पत्र्याचं काम काढायच्या आधी इंजिन नंबर, चासी नंबरची पट्टी, दोन्ही सिल आणि दाराच्या फटी यांचे तारखेसकट फोटो काढा, जुने कापलेले तुकडे लगेच भंगारात देऊ नका, आणि नव्या पत्र्याची बिलं गाडीच्या फाइलमध्ये लावून ठेवा.